दुसऱ्या माळेची तगर

२९ ऑगस्ट, शुक्रवार

ही डायरी आमच्या तेजूची, म्हणजे माझा लेक दादासाहेब, त्याच्या लेकीची, तेजस्विनीची. हिंजवडीच्या कंपनीनं दिलेली, जानेवारीपासनं कोरीच. म्हणली, "आजी, मला आता लागत नाही, तूच लिही." कागद काय गुळगुळीत! मी चौथी पास. पाचवीत नाव घातलं तवा आई बाळंत झाली, धाकटा भाऊ सांभाळायला मी घरी बसले ती बसलेच. पण अक्षर वळणदार हाय माझं, गुरुजी म्हणायचे.

लिहायचं कारण की दारातली तगर कोण तरी खातंय. नुसती कुरतडलेली न्हाई, पार देठापर्यंत पानं साफ. खाली फरशीवर काळ्या लेंड्या, मिऱ्यांएवढ्या. आधी उंदीर वाटला. पण तगरीला चीक असतो, उंदीर कशाला तोंड लावील? मग शेळी म्हणावं तर पिंपळे गुरवात शेळी बघून मला दहा वर्षं झाली असतील.

मला घोर लागलाय तो माळेचा. पुढच्या महिन्यात बावीस तारखेला घट बसणार. गावठाणातल्या देवीला नऊ दिवस नऊ घरांच्या माळा असतात, दुसरी माळ आमची. पांढरी तगर, एकशे आठ फुलं, घटाला टेकायला पायजे, आणि आपल्याच झाडाची. बाजारातली चालत न्हाई. सासूबाई द्यायच्या, त्यांच्यामागं बेचाळीस वर्षं मी देते. शेत होतं तवा बांधाला तगरीची रांग होती. आता शेताच्या जागी इमारती, त्यातली एक आमची, आणि पार्किंगच्या कडेला ह्या दोन तगरी तेवढ्या उरल्या. वरच्या आळीतल्या एका घरानं गाडी लावायला झाड तोडलं, माळ चुकली, आणि मान गेला दुसऱ्या घरी. अजून ती माणसं देवळात मागं उभी राहतात. माझं तसं झालेलं मला बघवणार न्हाई.

३० ऑगस्ट, शनिवार

सापडला चोर. अळी! अंगठ्याएवढी जाड, पानाच्याच रंगाची, म्हणून इतके दिवस दिसली न्हाई. बाजूनं पांढरे ठिपके, शेपटीला पिवळं आखूड शिंग. मी काडीनं ढोसली तर तिनं मुंडी आत घेतली आणि गळ्यापाशी दोन निळे डोळे उघडले. हे मोठे! मी अशी ओरडले की तेजू दुसऱ्या मजल्यावरनं अनवाणी खाली आली.

"आजी, ते खरे डोळे नाहीत. पक्ष्यांनी घाबरावं म्हणून असतात."

"मग मला कशाला दाखवती? मी काय बुलबुल हाय?"

तेजू हसली. किती दिवसांनी हसली पोर! फोनवर शोधून म्हणली, ही कण्हेरीच्या पतंगाची अळी. तगर, कण्हेर, सदाफुली, सगळी चिकाची झाडं खाते. आपल्याला विष, हिला पक्वान्न. आणि ही जात कुठं कुठं असावी? आफ्रिकेत, आपल्याकडं, आणि उन्हाळ्यात उडत उडत पार युरोपात. तेजूला कंपनी दोन वर्षं जर्मनीला पाठवते पाठवते म्हणत होती, अजून पाठवलं न्हाई. ह्या अळीला कुणी विचारलंसुद्धा न्हाई, जाऊन आली.

आम्ही दोघींनी मिळून मोजल्या. चौदा! मी म्हणलं, चपलेनं एकेक... तर तेजूनं माझा हातच धरला. "आजी, प्लीज. मला बघायचंय पतंग होईपर्यंत. एवढं एक बघू दे."

एवढं एक म्हणे. बाकीचं काय बघायचं राहिलंय तिचं, सव्वीस वर्षांची हाय.

३१ ऑगस्ट, रविवार

दादासाहेब म्हणला, "आई, उद्या औषध मारतो. एका फवाऱ्यात खेळ खलास."

मी म्हणलं, "देवीच्या फुलांवर विष मारतोस?"

"मग कर अळ्यांची पूजा. गौरी आल्याच हायत घरात, त्यांच्या शेजारी मांड."

बापासारखाच हाय, तिरकं बोलायचं आणि पेपर तोंडापुढं धरायचा. पण ह्या सगळ्यात मला एक सुख हाय ते लिहिते. तेजू घरी असते. आधी सकाळी आठला जायची ती रात्री दहाला, तोंड दिसायचं न्हाई. आता 'बेंच'वर हाय म्हणे. म्हणजे नवीन काम येईस्तोवर नुसतं बसायचं. तीन दिवस डबा घेऊन जाते, दोन दिवस घरी. गाडी न्यायला येत न्हाई, गळ्यातली ती कार्डाची फीतपण घालत न्हाई, म्हणते नियम बदलले. चांगले बदलले. नातीबरोबर दुपारचा चहा प्यायला मिळतो, अजून म्हातारीला काय पायजे?

१ सप्टेंबर, सोमवार

आज मी एक उद्योग केला. कुणाला सांगितला न्हाई, इथं लिहिते.

तेजू म्हणली होती की अळ्या कण्हेर खातात. आणि कण्हेर कुणाकडं? माझी चुलत जाऊ दुर्गाबाई, मागच्या गल्लीत. तिची आठवी माळ, कण्हेरीची. झाड बघा तर तिसऱ्या मजल्याला टेकलंय. चार पानं गेली तर तिला कळणारपण न्हाई. मी सहा मोठ्या अळ्या स्टीलच्या डब्यात घातल्या, वर तगरीची दोन पानं, झाकण जरा तिरकं. निघाले तिच्या गौरी बघायला.

दारातच दुर्गाबाई. "ये शालन. डब्यात काय, करंज्या?"

"न्हाई आक्का, ते... औषध हाय."

"कसलं?"

"गुडघ्याचं."

"मग दाव की. माझा गुडघा काय देवळात ठेवलाय व्हय?" आणि डब्याला हात! मी डबा पदराखाली घेतला, म्हणलं वैद्यानं दुसऱ्याला दाखवू नको म्हणून सांगितलंय. ती माझ्याकडं अशी बघत राहिली. निघताना तिच्या कण्हेरीवर डबा उपडा केला आणि पळाले. ह्या वयात पळाले!

आता आठ उरल्या. माळ वाचली.

३ सप्टेंबर, बुधवार

काय वाचली, डोंबल. डोक्याला नुसता ताप.

सकाळी तेजूनं मोजल्या. "आजी, आठच?" मला खोटं बोलता येत न्हाई, गुडघ्याचं एक बोलले तेवढं बस. सगळं सांगितलं. वाटलं हसंल. तर ती पांढरी पडली.

"अगं, त्या तगरीवर वाढल्यात. आता मध्येच दुसरं झाड खातीलच असं नाही. उपाशी मरतील."

"झाड चांगलं डेरेदार हाय की."

"असू दे ना डेरेदार! त्यांना विचारलं का तू? आपलं आपलं काम करत होत्या. एका दिवसात उचललं, डब्यात घातलं, दिलं टाकून. कुठं जायचं त्यांनी?" आणि ढसाढसा रडायला लागली. जिन्याच्या पायरीवर बसून. सव्वीस वर्षांची पोर, अळ्यांसाठी!

मी तिला पाणी दिलं. पाठीवरनं हात फिरवला. मनात म्हणलं, हिला कंपनीत काम न्हाई म्हणून हिचं डोकं रिकामं झालंय, त्यात ह्या अळ्या शिरल्यात. काम आलं की होईल बरं.

मग गेले दुर्गाबाईकडं, दुसरं काय करणार. तोंड एवढंसं करून सांगितलं. तिनं कमरेवर हात ठेवले. "म्हणजे माझ्या आठव्या माळेवर तू अळ्या सोडल्यास."

"सहाच होत्या आक्का."

"सहाच! आन् मी रातभर चिंता केली, शालनला कसलं औषध चालू हाय, कुणाला सांगंना, लई मोठं दुखणं दिसतंय. दृष्ट काढली तुझ्या नावानं!"

पण शिडी तिनंच आणली. चार सापडल्या, कण्हेरीला तोंड न लावता तशाच चिकटून बसलेल्या. दोन गेल्या. तेजूनं चौघी तगरीवर ठेवल्या तर लगेच खायला लागल्या. तगरीची उरलेली पानं! मी तिथं थांबलेच न्हाई, घरात जाऊन भांडी घासली.

७ सप्टेंबर, रविवार

गणपती काल गेले. घर मोकळं मोकळं वाटतंय.

मोठ्या अळ्यांचं काही तरी बिघडलंय. हिरवा रंग गेला, चहाच्या चोथ्यासारख्या तांबूस काळ्या पडल्या. खायच्या थांबल्या आणि खोडावरनं खाली उतरून फरशीवर सैरावैरा पळत सुटल्या. मला वाटलं मेल्या. आणि सांगायला लाज वाटते, मला जरा बरं वाटलं.

तेजू म्हणली, मरत नाहीत, आता खाली पडलेल्या पानांत शिरतील आणि कोष करतील. म्हणून आजपासनं झाडाखाली झाडायचं न्हाई. मी म्हणलं किती दिवस? म्हणली दोन आठवडे, जास्तपण.

दोन आठवडे दार झाडायचं न्हाई! ऐन पितृपक्षात! लग्न होऊन आले तवापासनं मी अंगण झाडल्याशिवाय चहा घेतला न्हाई.

९ सप्टेंबर, मंगळवार

सवयीचं काय करणार. पहाटे उठले, हातात झाडू आला, झाडाखालचं लख्ख केलं, पाला पिशवीत भरला आणि घंटागाडी आली तशी दिला. चहाचा पहिला घोट घेतला आणि आठवलं.

चपला न घालता पळाले. गाडी पुढच्या चौकात. मी ओरडतेय, "अरे थांब रे, थांब!" गाडीवरचं ते स्वच्छतेचं गाणं एवढं मोठं की त्याला काय ऐकू येणार. एका रिक्षावाल्यानं रिक्षा आडवी घातली म्हणून थांबली. गाडीवरचा पोरगा म्हणला, "आजी, काय सोनं गेलं का?"

"सोनं न्हाई रे, अळ्या."

तो माझ्याकडं बघून रिक्षावाल्याकडं बघायला लागला. पण भला माणूस, सुक्या कचऱ्यात हात घालून चार पिशव्या काढून दिल्या. चौथी माझी. रस्त्याच्या कडेला बसून मी पाला उचकटला. तपकिरी कोष निघाले पाच, खारकेएवढे, एक हातात धरला तर आत वळवळला. अंगावर काटा आला, पण टाकला न्हाई, सगळं परत पिशवीत भरलं, झाडाखाली ठेवायला. तेवढ्यात दुर्गाबाई दूध घेऊन चाललेली. उभी राहिली, बघितलं, म्हणली, "गुडघ्याचं औषध सांडलं वाटतं." आणि गेली.

१४ सप्टेंबर, रविवार

सगळ्या अळ्या खाली गेल्या. वर काय राहिलं? काड्या. एक तगर तर खराट्यासारखी. दुसरीला वरच्या बाजूला पानं हायत थोडी. नवीन कोंब फुटतायत, पण कोंबाची काय माळ होते? आज कळ्या मोजल्या, नऊ.

मला सगळ्यांचा राग येतोय. अळ्यांचा, दादासाहेबाचा, तेजूचापण. देवीचा न्हाई लिहीत, पण तिचापण थोडा. एवढी दोन झाडं ठेवलीस आणि त्यावर हे धाडलंस.

जेवताना दादासाहेबानं तेजूला विचारलं, "काय गं, बेंच किती दिवस?" ती म्हणली, "बघतायत." सून म्हणली, "अहो जेवू द्या तिला." तेजू अर्ध्या भाकरीवर उठली. हल्ली जेवत न्हाई. कंपनीत वडापाव वगैरे खात असणार.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

कळ्या एकतीस. कोंब जोरात हायत, खत घातलं, तांदळाचं धुवण घातलं. तेजू रोज संध्याकाळी येऊन आधी पाल्याजवळ बसते, मग माझ्याजवळ. मी विचारलं, "तू त्यांची एवढी वाट का बघतेस?" म्हणली, "काही तरी पूर्ण होताना बघायचंय गं." मला काही कळलं न्हाई. मी तिला शेंगदाण्याचा लाडू दिला.

२२ सप्टेंबर, सोमवार

घट बसले. पण आधी सकाळचं लिहिते.

उजाडलं होतं नुकतं. उद्याच्या कळ्या बघायला खाली गेले, तर तगरीच्या बुंध्यावर एक वाळकं पान अडकलंय असं वाटलं. वाळकं कसं, हिरवं. हात लावणार तेवढ्यात ते थरथरलं. अगं आई! पतंग! पसरलेले पंख माझ्या तळहाताएवढे. मिलिटरीतल्या माणसाच्या कपड्यावर असतात तसे हिरव्यावर हिरवे पट्टे, गडद, फिकट, शेवाळी, आणि मध्येच गुलाबी, नवरीच्या शालूला असावी तशी कड. अंग मऊ, लव असलेलं. मी आयुष्यात असलं काही बघितलं न्हाई. इतका नटवा आणि तोंडातनं आवाज न्हाई. माझी तगर खाऊन हे झालं होय! मी त्याला म्हणलंसुद्धा, चांगला झालास की रे.

मग तेजूला हाक मारायला वळले. जिने चढले, गुडघे धरून. तेजू अंघोळीला. "लवकर ये गं!" ती ओल्या केसांनी आली तवर बुंधा रिकामा. खाली पाल्यात फुटका कोष तेवढा, कागदासारखा हलका.

पंधरा दिवस बसली ती पाल्यापाशी, आणि दिसला मला! काय म्हणावं ह्याला. मी तिला सगळं सांगितलं, पंख, पट्टे, गुलाबी कड. तिनं डोळे मिटून ऐकलं. "अजून सांग," म्हणली. तीनदा सांगितलं. बाकीचे कोष अजून आहेत, म्हणली, बघू. मला मात्र दिवसभर चुटपुट.

संध्याकाळी उमलत्या कळ्या तोडल्या. दोनदा मोजल्या. चौसष्ट.

२३ सप्टेंबर, मंगळवार

बसून लिहितेय, पाय दुखतायत, पण आज लिहिल्याशिवाय झोपायची न्हाई. अजून दिवे लागायचे हायत.

चौसष्ट फुलांची माळ घेऊन देवळात गेलो. मी, दादासाहेब, तेजू. दादासाहेब वाटेत म्हणला, "बाजारातली चव्वेचाळीस घालू, कोण मोजतंय." मी ऐकलं न्हाई. किसन गुरवानं माळ खुंटीला लावली आणि सोडली. घटापासनं वीतभर वरच लोंबत राहिली.

"काकू," किसन हळूच म्हणला, "माळ टेकत न्हाई."

मागनं कुजबुज. पंचमंडळातले सोपानराव पुढं आले. "शालनबाई, यंदा काय झालं?"

मी ठरवून गेले होते, म्हणणार होते की पावसानं झालं. तोंडापर्यंत आलं होतं. मग वाटलं देवीसमोर कशाला. म्हणलं, "अळ्यांनी खाल्ली. औषध मारता आलं असतं. मी मारू दिलं न्हाई. माझ्या नातीला त्यांचे पतंग बघायचे होते, म्हणून खाऊ दिली. चूक असंल तर माझी हाय, मान काढायचा तर काढा."

दादासाहेब नारळाकडं बघत उभा. आणि दुर्गाबाई उठली. तिच्या ओच्यात कण्हेरीची फुलं होती, रोजच्या पूजेची. "घे. खाली जोड. आन् माझ्या आठव्या माळेला तुझी तगर घाल. मग दोन घरांच्या दोन माळा होतील. बोला, कुणाला काय बोलायचंय?" सोपानरावांनी मान हलवली, म्हणले, "दुर्गाबाईंपुढं कोण बोलतंय." लोक हसले. किसननं माळ खाली काढली.

मग दुर्गाबाईनं तेजूला बघितलं. "आन् काय गं, आज मंगळवार. कंपनीला सुट्टी?"

तेजू म्हणली, "माझी नोकरी गेली आजी. जुलैमध्ये. एका दिवसात काढलं, आम्हा चाळीस जणांना."

सगळ्यांसमोर. दादासाहेबाच्या हातातला नारळ खाली पडला, फुटला न्हाई. मी तिच्याकडं बघितलं. ती माझ्याकडंच बघत होती, बापाकडं न्हाई. फुलं जोडायला हातात सुईदोरा घेतला होता. म्हणलं, "मग दोरा धर इकडं. मला सुईचं भोक दिसत न्हाई."

ती बसली माझ्याजवळ. तिनं दोरा ओवला, मी फुलं घातली. माळ टेकली.

वाटेत मी विचारलं, "जुलैपासनं डबा घेऊन जायचीस कुठं?"

"डायनासोरच्या बागेत. कधी नदीच्या घाटावर."

मला इतका राग आला, इतका, की पाच पावलं झपाझपा चालले. दुसऱ्या कुणाला सांगितलं न्हाईस ते न्हाईस, मला न्हाई सांगितलंस? मी काय दादासाहेब हाय? मग आठवलं, पायरीवर रडत होती तवा मीच मनात म्हणलं होतं की हिचं डोकं रिकामं झालंय. ते तोंडानं म्हणले न्हाई हे नशीब.

दादासाहेब मागनं येत होता. जवळ येऊन म्हणला, "उद्यापासनं बागेत बसायचं न्हाई." तेजू थांबली. तो म्हणला, "घरात बसायला जागा हाय." आणि पुढं निघून गेला. त्याच्याकडनं एवढं म्हणजे लई झालं.

आठव्या माळेला दुर्गाबाईला तगर द्यायची हाय. सहा दिवस. झाडावर नव्या कळ्या कमी, आणि कोंबांवर मला आज बारीक हिरवी अंडी दिसली, सांगितलं न्हाई अजून कुणाला. मी तेजूला म्हणलं, उद्या सकाळी सहाला उठायचं, माझ्याबरोबर झाडाशी उभं राहायचं, रोज. पगार मिळणार न्हाई.

ती म्हणली, "सवय आहे."